यंत्र बंद आहे की निरोप?

नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात चार लेथ आणि दोन व्हीएमसी मिलिंग यंत्रे चालवणाऱ्या उद्योजकाला आपली यंत्रे घरी बसून मोबाइलवर दिसावीत असे वाटले, तर आता ते एका दुपारचे काम आहे. पॅनेलमधल्या वायरभोवती विद्युतप्रवाह मोजणारी सीटी अडकवायची, तिच्या दोन तारा आकडे इंटरनेटवर पाठवणाऱ्या गेटवेला जोडायच्या, गेटवेत सिमकार्ड घालायचे. संध्याकाळच्या चहापर्यंत पडद्यावर हिरवे-लाल पट्टे सरकू लागतात. खरे अवघड काम त्यानंतरचे: हिरव्याला हिरवे आणि लालला लाल कशाच्या आधारावर मानायचे, हे ठरवण्याचे. ज्या ग्रंथाची ही प्रस्तावना आहे, त्याची बरीचशी पाने या कामासाठीच खर्ची पडली आहेत.

नाशिकच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे सातपूर आणि अंबडच्या वसाहती उभ्या राहिल्या, १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला, मायको आली, महिंद्र आली, आणि या मोठ्यांच्या भोवती त्यांना सुटे भाग करून देणारे शेकडो छोटे कारखाने वाढले. यंत्रे अशी जोडण्याच्या विचाराला मिळालेला ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द २०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेत पहिल्यांदा जाहीरपणे मांडला गेला. त्यावर विचार करण्यासाठी जो गट नेमला गेला, त्याच्या दोन प्रमुखांपैकी एक, सीगफ्रीड डाईस, बॉश कंपनीचे होते. मायकोचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तरी चौकाचे नाव मायको सर्कलच राहिले. सांगायचे एवढेच, की जगात ज्या टेबलावर हा विचार आकाराला आला, त्या टेबलाशी नाशिकचे नाते नवे नाही. मात्र त्या टेबलावरचे अहवाल हजारो कामगारांचे कारखाने डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. सहा यंत्रांच्या गाळ्यासाठी त्यातले किती घ्यायचे, याचा हिशेब आपला आपणच मांडावा लागतो.

तो मांडताना पहिला धडा जुन्या माणसांकडून घ्यावा. कारखान्यात दाब, तापमान, पातळी यांची मापे तारेवरून पाठवण्याची एक पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रुजली आहे: चार ते वीस मिलिअँपिअर. टाकी पूर्ण भरली की वीस, रिकामी असली की चार. नवख्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रिकाम्या टाकीला शून्य का नाही? कारण तार तुटली तरी शून्यच येणार. रिकामी टाकी आणि तुटलेली तार पडद्यावर सारखीच दिसली, तर त्या मापाचा उपयोग काय? म्हणून तळाचे माप चारवर धरले आणि शून्य हा आकडा बिघाडासाठी राखून ठेवला. (शिवाय त्या चार मिलिअँपिअरवर उपकरण स्वतःही चालते, वेगळ्या विजेची तार ओढावी लागत नाही. जुन्या अभियंत्यांचा काटकसरीपणा असा दुहेरी असे.)

आता याच प्रश्नाचे नवे रूप पाहा. गेटवेतल्या सिमचा रिचार्ज रविवारी रात्री संपला. डॅशबोर्डवर शेवटचा आलेला आकडा तसाच गोठून राहिला, पट्टी हिरवी, भट्टीचे तापमान जिथल्या तिथे. सोमवारी दुपारपर्यंत कोणाला काही कळत नाही, कारण पडद्यावर सगळे ठीक आहे. ज्या संदेशपद्धतीवर आजची बहुतेक जोडलेली उपकरणे बोलतात ती एमक्यूटीटी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी तयार केली. निर्जन मुलखातली वाहिनी, महागडा उपग्रह-दुवा, त्यामुळे संदेश होईल तितका छोटा. पण तेवढ्या तुटपुंज्या जागेतही त्यांनी एक सोय ठेवली: उपकरण जोडले जातानाच मधल्या सर्व्हरकडे आपले ‘मृत्युपत्र’ देऊन ठेवते, आणि संपर्क न सांगता तुटला, की सर्व्हर ते सगळ्यांना वाचून दाखवतो. चार मिलिअँपिअरवाल्यांनी जे तारेत केले, तेच यांनी संदेशात केले. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी तयार प्रणालींत ही सोय असते आणि ती कोणी चालू केलेली नसते. विक्रेत्याला विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच: ‘नेट गेले तर तुमच्या पडद्यावर नेमके काय दिसते?’ उत्तर देताना तो चाचरला, तर किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत.

निरोप बंद पडण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे निरोप खोटा असणे. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणकीय विषाणूने इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रात सेंट्रिफ्यूज यंत्रांचा वेग बिघडवला, आणि त्याच वेळी नियंत्रण कक्षाकडे आधी नोंदवून ठेवलेली नेहमीची रीडिंग पाठवत राहिला. आपल्या गाळ्यावर कोणी परराष्ट्र हल्ला करणार नाही, हे खरे. पण डॅशबोर्डचा पासवर्ड कंपनीच्या नावापुढे एक-दोन-तीन लावून केलेला असेल, तर त्यासाठी परराष्ट्राची गरजही नाही.

निरोप आला, खरा आला. तरी तो वाचता यायला हवा. कारखान्यांत अजूनही मोठ्या प्रमाणावर चालणारी मॉडबस ही भाषा मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणली. ती फक्त आकडा पाठवते. एकक नाही, नाव नाही. अमुक क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये २४५ आहे, एवढेच कळते. ते २४५ व्होल्ट की साडेचोवीस अंश, हे त्या उपकरणाच्या पुस्तिकेत असते, आणि पुस्तिका बसवणाऱ्या माणसाबरोबर केव्हाच गेलेली असते. २००८ मध्ये आलेल्या ओपीसी यूएसारख्या नव्या पद्धती आकड्याबरोबर त्याचा अर्थही पाठवू शकतात. पण जुना कंप्रेसर नवी भाषा शिकत नाही. तेव्हा रजिस्टरांचा तक्ता कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवणे, हे या क्षेत्रातले अत्यंत प्रगत तंत्रज्ञान आहे असे माझे मत आहे.

आता यंत्राजवळ जाऊ. सुरुवातीला सांगितलेली सीटी व्हीएमसीच्या मुख्य केबलच्या एका फेजच्या तारेवर अडकवली तर काय दिसते? यंत्र बंद असताना जवळजवळ काही नाही, सुरू पण रिकामे असताना थोडा प्रवाह, धातू कापताना जास्त. तीन पायऱ्या, सोपे. पण मुख्य केबलवर स्पिंडल एकटा नसतो. कूलंटचा पंप असतो, चिप कन्व्हेअर असतो, हायड्रॉलिक असते. पंप सुरू झाला की प्रवाह वाढतो आणि प्रणाली समजते, कटिंग सुरू झाले. सकाळी यंत्र गरम करण्यासाठी स्पिंडल रिकामा फिरवला, तर तेही उत्पादन म्हणून नोंदले जाते. सीटी स्पिंडलच्या ड्राइव्हच्या तारेवर न्यावी, तर तिथला प्रवाह सुबक लाटेसारखा नसतो. साधी सीटी तिथे चुकीचे माप देते. कंपनाच्या सेन्सरचे तसेच. तो बेअरिंगच्या हाउसिंगवर घट्ट बसला पाहिजे. सोय म्हणून पत्र्याच्या कव्हरवर चुंबकाने चिकटवला, तर पत्र्याचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. सेन्सर कोणता घ्यावा यावर या ग्रंथात जितकी चर्चा आहे, तितकीच तो कुठे लावावा यावर आहे.

समजा सगळे नीट लावले. आलेख सांगतो, यंत्र अकरा वाजून दहा मिनिटांपासून पस्तीस मिनिटे थांबले होते. का? पहिला पीस क्यूसीकडे गेला होता? इन्सर्ट बदलायचा होता आणि स्टोअरला कुलूप होते? मटेरियल आले नव्हते? क्रेन दुसऱ्या यंत्रावर अडकली होती? विद्युतप्रवाहाला यातले काही ठाऊक नसते. म्हणून यंत्राशेजारी कारणांची बटणे लावतात, आणि महिनाभरात लक्षात येते की बहुतेक थांबे ‘इतर’ या बटणाखाली जमा झाले आहेत. ऑपरेटर आळशी आहे, असा निष्कर्ष येथे फार लवकर काढला जातो. बटणांची यादी ज्याने केली तो यंत्रावर कधी उभा राहिला होता का, हे आधी पाहावे. ‘सेटिंग’ असे एकच बटण असेल आणि त्या गाळ्यात सेटिंग म्हणजे पाच वेगवेगळी कामे असतील, तर ऑपरेटर तरी काय दाबणार?

यातूनच ओईई या बहुचर्चित आकड्याकडे सावधपणे पाहायची सवय लागते. जपानचे सेइची नाकाजिमा यांनी रूढ केलेल्या या हिशेबात यंत्राची उपलब्धता, वेग आणि दर्जा यांचा गुणाकार होतो; नव्वद, पंच्याण्णव आणि नव्व्याण्णव टक्के धरले तर उत्तर सुमारे पंच्याऐंशी येते, आणि हेच पंच्याऐंशी ‘जागतिक दर्जा’ म्हणून भिंतीवर लावले जाते. एकच भाग वर्षभर करणाऱ्या लाइनवर ते शोभते. दिवसातून चार वेळा जॉब बदलणाऱ्या जॉबवर्कच्या गाळ्याने तो आकडा गाठला, तर बहुधा ठरवलेला सायकल टाइमच सैल असतो.

इशाऱ्यांविषयी नाशिककराला फारसे शिकवावे लागू नये. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आले यावरून गाव काय ते ठरवते. गुडघ्यापर्यंत आले की कोणी काय करायचे, कमरेपर्यंत आले की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांनी काय हलवायचे, हे पिढ्यांनी अनुभवातून पक्के केले आहे. प्रत्येक पातळीला एक कृती जोडलेली आहे, आणि माप सगळ्यांना दिसते. कारखान्यातल्या बहुसंख्य अलार्मना यातले काहीच नसते. दिवसाला दोनशे संदेश व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात, तिसऱ्या दिवशी ग्रुप म्यूट होतो, आणि ज्या रात्री बेअरिंग खरोखर जाते तेव्हाचा संदेश दोनशे एकावा असतो. ज्या इशाऱ्यावर कोणी काय करायचे हे लिहिता येत नाही, तो इशारा काढून टाकावा. या सूचनेवर ग्रंथातले एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते जास्त झाले असे मला वाटत नाही.

माप कोण पाहतो, हा प्रश्न तांत्रिक पुस्तकांत सहसा टाळला जातो. तो टाळू नये. मालक रात्री अकरा वाजता मोबाइल उघडून तिसऱ्या पाळीचे यंत्र लाल का दिसते असे विचारू लागला, की ऑपरेटरच्या पोटात गोळा येतो आणि पुढच्या आठवड्यात यंत्रे रिकामी फिरू लागतात. पडदा मात्र हिरवा राहतो. त्याच मालकावर दिवसा हीच वेळ येते. मोठा ग्राहक म्हणतो, तुमच्या यंत्रांचा डेटा आमच्या प्रणालीला जोडा, म्हणजे आम्हाला नियोजन करता येईल. मागणी रास्त असते. पण खरा सायकल टाइम ग्राहकाला दिसला, की पुढच्या वर्षीच्या दराच्या बोलणीत तो टेबलावर येणार, हे छोट्या उद्योजकाला न सांगता कळते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाच्या माहितीविषयी आहे, यंत्राच्या नव्हे; ऑपरेटरच्या नावानिशी नोंदी ठेवल्या तर प्रश्न त्याच्या कक्षेत येऊ शकतो, एरवी सायकल टाइम कोणाचा हे करारातच लिहून घ्यावे लागते. कोणता डेटा, किती बारीक, किती दिवस, आणि तो पुढे कोणाला दाखवायचा नाही: या चार ओळी करारात नसतील तर जोडणी करू नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

देखरेख सरकारी असली की हितसंबंध आणखी उघडे पडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना धुराड्यांवर आणि सांडपाण्याच्या नाल्यांवर सतत मोजणारी उपकरणे बसवून त्यांची रीडिंग थेट पाठवण्याचे निर्देश दिले. साखर कारखाने, डिस्टिलरी, औष्णिक वीज केंद्रे हे तिन्ही त्यात येतात आणि तिन्ही नाशिक जिल्ह्यात आहेत. येथे सेन्सर ज्याच्या आवारात, आकडा कमी येण्यात फायदाही त्याचाच. म्हणून इथे कॅलिब्रेशनची नोंदवही आणि कुलपाची किल्ली कोणाकडे, हा विषय गेटवेच्या वेगापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

कारखान्याच्या भिंतीबाहेरही हीच पथ्ये लागू पडतात. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येणारा निफाडचा पारा बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तो खरा असतो, पण ओढ्याकाठच्या सखल द्राक्षबागेत थंड हवा साचते आणि तिथला पारा वेगळा असतो. पहाटे शेकोट्या पेटवायच्या की नाही हे त्या बागायतदाराला आपल्या बागेतल्या यंत्रावरून ठरवावे लागते. द्राक्षावरच्या डावण्या रोगाचा धोका पान किती तास ओले राहिले यावर अवलंबून असतो, आणि ओलावा मोजणारी पट्टी वेलीच्या बाहेरच्या अंगाला बांधली तर ती आतल्या पानांच्या आधीच वाळते. पत्र्याच्या कव्हरवरचा कंपन-सेन्सर आणि ही पट्टी यांची चूक एकच आहे. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात नाशिकच्या तरुणांनी गर्दी मोजण्यासाठी दाब ओळखणाऱ्या चटया अंथरल्या; एमआयटीचे प्राध्यापक आणि मूळचे नाशिककर रमेश रासकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कुंभथॉन या उपक्रमातून ते काम पुढे आले होते. चटई मोजते पावले, प्रशासनाला हवी असतात माणसे. मधला हिशेब ज्यांनी केला, त्यांनी हा विषय पुस्तकाशिवायच शिकून घेतला म्हणायचे.

ग्रंथ वाचण्याची एक रीत सुचवतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पहिल्या पानापासून सुरुवात करावी, सुपरवायझरने कारणांच्या बटणांचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल, मालकाने कराराचे. मात्र तिघांनीही तिसऱ्या प्रकरणाआधी थांबावे आणि एकच यंत्र निवडून त्यावर सीटी लावावी. आठवडाभर त्या यंत्राच्या ऑपरेटरला एक साधी वही द्यावी: यंत्र केव्हा थांबले, केव्हा सुरू झाले, का थांबले, त्याच्या शब्दांत. त्याला पडदा दाखवू नये आणि त्याच्या वहीवरून त्याला बोलूही नये. शनिवारी वही आणि आलेख शेजारी ठेवून जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे लाल खूण करावी. तिसरे प्रकरण त्या खुणांपासून सुरू होते.