बाणकोटची पेरणी

सावित्री नदी जिथे अरबी समुद्राला मिळते, तिथे बाणकोट वसले आहे. त्याच्या दक्षिणेस काही कोसांवर हर्णै. दोन्ही गावे रत्नागिरी जिल्ह्यात मोडतात. हर्णै आपल्याला ठाऊक आहे ती सुवर्णदुर्गामुळे आणि किनाऱ्यावर भरणाऱ्या मासळीच्या लिलावामुळे. परंतु महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहासाचे एक पानही याच दोन गावांत लिहिले गेले आहे. ते पान विजयाचे नाही, आणि म्हणूनच ते पुन्हा उघडून वाचावयास हवे.

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८२३ साली, डोनाल्ड मिचेल हे स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले. पूर्वी ते सैन्यात लेफ्टनंट होते. ती नोकरी सोडून त्यांनी धर्मसेवेची दीक्षा घेतली होती. त्यांना पुण्यास जावयाचे होते. परंतु नुकत्याच जिंकलेल्या मुलखात धर्मप्रचाराने असंतोष माजेल, या भीतीने कंपनी सरकारने परवानगी नाकारली. बाणकोटचा किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांकडे होता. म्हणून पुण्याऐवजी बाणकोट त्यांच्या वाट्यास आले. तिथे कामाची नीट घडी बसण्यापूर्वीच, त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. ना शाळेची भरभराट त्यांनी पाहिली, ना एकही बाप्तिस्मा.

त्यांच्या मागोमाग जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टीव्हन्सन हे सहकारी आले. बाणकोट आणि हर्णै ही दोन ठाणी धरून त्यांनी आसपासच्या खेड्यांत शाळा उघडल्या. शिक्षक बहुधा स्थानिक ब्राह्मण पंतोजीच असत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला तो १८३१ साली. तेव्हा हाताशी पुरेशी साधने नसताना या मंडळींना मराठी शिकावी लागली. १८२७ साली रॉबर्ट नेस्बिट आले. पुढे जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट ही उभयता १८२९ साली आली आणि मराठीचे आरंभीचे धडे त्यांनी हर्णै-बाणकोटातच गिरविले.

लोकांनी शाळा स्वीकारल्या, पण शाळा चालविणाऱ्यांचा संदेश स्वीकारला नाही. मुले अक्षर गिरवीत, हिशेब शिकत, शुभवर्तमानाच्या कथाही ऐकत, आणि घरी परतत. सात-आठ वर्षांच्या कष्टांनंतर ख्रिस्तसभेत आलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. अखेर १८३०च्या सुमारास ही ठाणी सोडून मिशनने आपले बळ मुंबई व पुणे येथे नेले. ज्या कामासाठी एका तरुणाने देह ठेवला, ते काम पहिले दशक सरण्याआधीच तेथून उठले. जमाखर्चाच्या वहीत याला तोटाच म्हणावे लागेल.

परंतु शिकलेली भाषा किनाऱ्यावर टाकून कोणी गेले नाही. स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ साली प्रसिद्ध झाले. विल्सन दांपत्याने मुंबईत सुरू केलेल्या शिक्षणकार्यातून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. जेम्स मिचेल पुण्यास गेले आणि तेथे त्यांनी तीसहून अधिक वर्षे सेवा केली. पुण्यातील या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ साली एक माळ्याचा मुलगा दाखल झाला आणि १८४७ पर्यंत तेथे शिकला. त्याचे नाव जोतीराव फुले. शिक्षण संपल्यावर वर्षभरातच, १८४८ साली, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

येथे आपण थोडे सावध राहिले पाहिजे. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि आपली वाट स्वतःच आखली. त्यांच्या थोरवीचे श्रेय मिशनच्या खात्यावर मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. एवढेच म्हणता येते की, एका शाळेचे दार त्यांना उघडे मिळाले, आणि त्या दारापर्यंत येणारी एक पायवाट बाणकोटवरून आली होती. फळ आले खरे. पण ते मागितलेले फळ नव्हते, आणि पेरणाऱ्याच्या अंगणातही ते पडले नाही.

याच किनाऱ्याने दक्षिणेस गोव्यात उतरले की, आपल्याच कॅथलिक परंपरेतील असे दुसरे उदाहरण भेटते. येशूसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. चाळीस वर्षांच्या सेवेतील त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’. ते १६१६ साली छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर काळ फिरला. १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. त्या तीन आवृत्त्यांची एकही मुद्रित प्रत आजवर हाती आलेली नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांतून आणि तो जिवापाड जपणाऱ्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबांमुळे. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला, तेव्हा फादरांच्या निधनास २८८ वर्षे झाली होती.

या दोन कथांतून ‘कष्टाचे फळ उशिरा का होईना, मिळतेच’ असा सोपा बोध काढण्याचा मोह होतो. तो टाळलेलाच बरा. डोनाल्ड मिचेल यांना या पृथ्वीवर काहीच मिळाले नाही. पुढे पुण्यात काही घडले नसते, तर त्यांचे बलिदान उणे ठरले असते काय? श्रद्धा उद्याच्या यशावर उधार घेतलेली असेल, तर तो सौदा झाला. रात्रभर जाळे टाकूनही हाती काहीच न लागलेल्या पेत्राने पुन्हा होडी लोटली ती मासळीची हमी मिळाली म्हणून नव्हे, तर सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबून. हर्णैच्या दालद्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. कालची होडी रिकामी आली, म्हणून आजची भरती कोणी वाया जाऊ देत नाही.

२००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला आणि रत्नागिरी जिल्हा त्यात आला. मोठ्या शहरांतील भरगच्च धर्मग्रामांच्या मानाने येथील ख्रिस्ती समाज लहान आहे. अशा ठिकाणी चार मुलांना धर्मशिक्षण देणारी शिक्षिका, दूर गेलेल्या लेकरासाठी रोज रोझरी म्हणणारी आई, रिकाम्या बाकांसमोरही मनोभावे मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू, ही सारी बाणकोटच्या पेरणीचीच वारसदार आहेत. त्यांच्या कष्टांची नोंद कोणत्याही अहवालात होणार नाही. पीक कोणाच्या शेतात उगवेल, हेही त्यांना कळणार नाही. पीक देणे हे आपले काम नव्हे. आपल्याकडे सोपविले आहे ते बी, आणि आज पेरण्याइतका दिवस.