नेपल्सचं टेबल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा म्हटला की युरोपातले प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटारे भरायला घेत. सूक्ष्मदर्शक, काचेच्या बरण्या, अल्कोहोलच्या बाटल्या आणि वजन परवडेल तेवढी पुस्तकं. मग किनाऱ्यावरचं एखादं गाव, खानावळीवरची भाड्याची खोली आणि मच्छीमारांची मनधरणी. मच्छीमाराला बाजारात खपणारा मासा कळे. जाळ्यात अडकलेला बोटभर पारदर्शक जीव कुणाला कशासाठी हवा असेल, हे त्याला कसं कळावं? आणलेली अंडी बशीत ठेवली की संध्याकाळपर्यंत पाणी कुबट होई आणि भ्रूण मरत. हवं ते पुस्तक नेमकं घरी राहिलेलं असे. काम जरा रांगेला लागतंय तोवर सुट्टी संपे.

१८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला आणि ही गैरसोय अडचणीपुरती राहिली नाही. सगळे प्राणी एका वंशवृक्षाच्या फांद्या असतील, तर त्यांची नाती शोधायची कुठे? प्रौढ प्राण्यांत ती झाकलेली असतात; भ्रूणाच्या वाढीत त्यांच्या खुणा सापडण्याची शक्यता जास्त. अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन संशोधकानं १८६०च्या दशकात नेपल्सच्याच आखातात काम करून दाखवलं की खडकाला चिकटून बसणाऱ्या, पिशवीसारख्या ॲसिडियनच्या डिंभकात पाठीच्या कण्याचा पूर्वज म्हणावा असा पृष्ठरज्जू असतो. ज्याला तोवर गोगलगाईंच्या गोतावळ्यात बसवलं जाई, तो प्राणी आपल्या भाऊबंदांत निघाला. अशा शोधांसाठी समुद्रजीव जिवंत हवेत, रोज हवेत आणि वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर हवेत, हे आता उघड झालं.

अंतोन डोर्न हा तरुण १८६८च्या हिवाळ्यात सिसिलीतल्या मेसिनाला गेला तो याच वेडानं. जन्म १८४०चा, स्टेटिनचा. आजोबांनी साखरेच्या कारखानदारीत पैसा केलेला, वडील कार्ल ऑगस्ट नावाजलेले कीटकतज्ज्ञ. येना इथे प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलच्या हाताखाली त्याला डार्विन भेटला, म्हणजे ग्रंथरूपानं, आणि त्यानं त्याचं आयुष्य फिरवलं. मेसिनात त्याच्याबरोबर निकोलाय मिक्लुखो-माक्लाय होता, जो पुढे न्यू गिनीच्या लोकांत राहून नावारूपाला आला. खोलीतल्या तुटपुंज्या सामानाशी झगडताना या दोघांच्या बोलण्यातून एक कल्पना आकाराला आली. किनाऱ्या-किनाऱ्यावर कायमची ठाणी असावीत, संशोधकानं गाडीतून उतरावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसावं; पाणी, प्राणी, उपकरणं, ग्रंथ सगळं तिथे तयार असावं.

अशी कल्पना पुष्कळांना सुचली असेल. डोर्नचं वेगळेपण असं की पैसा कुठून येणार, हा प्रश्न त्यानं पहिल्या दिवसापासून शास्त्रीय प्रश्नाइतकाच गंभीरपणे घेतला. बर्लिनच्या सार्वजनिक मत्स्यालयाला होणारी गर्दी पाहून त्यानं हिशेब मांडला: खाली लोकांसाठी मत्स्यालय, वर प्रयोगशाळा, तिकिटांच्या पैशांवर शास्त्र चालेल. त्यासाठी मेसिना लहान पडत होतं. नेपल्सला आखात जीवांनी समृद्ध, शहर मोठं आणि प्रवाशांचा ओघ बारमाही. नगरपालिकेनं समुद्राकाठच्या बागेत, आजच्या व्हिला कोमुनालेत, जागा फुकट दिली. इमारत मात्र त्यानं स्वतःच्या खर्चानं बांधायची होती. १८७२च्या मार्चमध्ये बांधकाम सुरू झालं. त्यात वडिलांचा पैसा होता, जर्मन सरकारचं साहाय्य होतं आणि इंग्लंडमधल्या निसर्गशास्त्रज्ञांनी जमवलेली वर्गणीही होती. डार्विननं पैसे आणि पुस्तकं दोन्ही दिली. १८७३च्या सप्टेंबरात पहिले संशोधक कामाला बसले, पुढच्या जानेवारीत मत्स्यालय लोकांना खुलं झालं.

तिकिटांचा हिशेब मात्र चुकला. मत्स्यालयाचं उत्पन्न येई, पण एवढा पसारा त्यावर चालेना. त्या अडचणीतून डोर्ननं जी तोड काढली, तिच्यासाठी ही कुळकथा सांगायची.

त्यानं टेबलं भाड्यानं दिली. एखादं सरकार, विद्यापीठ किंवा विज्ञान अकादमी नेपल्सच्या संस्थेशी वार्षिक करार करी. ठरावीक रक्कम भरली की वर्षभर एका संशोधकाची जागा त्यांच्या नावे राखलेली. अमेरिकन संस्थांना हे भाडं वर्षाला ५०० डॉलर पडे. ‘टेबल’ म्हणायचं, पण त्यात काय काय येई ते पाहायला हवं. खिडकीशी कामाची जागा, वाहत्या समुद्रपाण्याच्या स्वतःच्या टाक्या, रसायनं, रंगद्रव्यं, काचसामान, ग्रंथालय, मदतीला माणसं. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे रोज सकाळी ताजे जीव. कुठला प्राणी हवा ते आधी सांगून ठेवायचं. संस्थेचे मच्छीमार आणि पुढे संस्थेच्या छोट्या आगबोटी तो आणून देत.

याच्या बदल्यात संस्था संशोधकाकडून काय मागे? विषय त्याचा, पद्धत त्याची, निष्कर्ष त्याचे. निबंध तो हव्या त्या नियतकालिकात छापू शके. कुठल्या देशाचा, कुठल्या गुरूचा, कुठल्या मताचा, हे कुणी विचारत नसे. मला हा भाग आजही थक्क करतो. त्या काळच्या जर्मन विद्यापीठांत संस्थेच्या प्रमुखाचा शब्द म्हणजे कायदा असे आणि सहायकांची कामं त्याच्या नावावर जमा होत. त्याच परंपरेत वाढलेल्या माणसानं शेजारच्या टेबलावर आपल्या मताविरुद्धचा पुरावा तयार होत असेल, तर त्यालाही लागणारे प्राणी वेळेवर पोचवण्याची व्यवस्था केली. केंब्रिज, प्रशिया, इटली यांनी सुरुवातीलाच टेबलं घेतली. १९०९ मध्ये डोर्न वारला तोवर वर्षाला पन्नासाहून अधिक टेबलं भाड्यानं जात होती आणि युरोप-अमेरिकेतले २,२०० हून अधिक शास्त्रज्ञ तिथे काम करून गेले होते.

या व्यवस्थेचा कणा मात्र नेपल्सचीच माणसं होती आणि त्यांत पहिलं नाव साल्व्हातोरे लो बियांको याचं घ्यायला हवं. १८६० मध्ये जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी संस्थेत कामाला लागला. विद्यापीठाची पायरी न चढता त्यानं आखातातला प्राणी न् प्राणी ओळखीचा केला. जेलीफिश किंवा समुद्रफूल थेट अल्कोहोलमध्ये टाकलं की ते आक्रसून लगदा होतं. लो बियांकोनं प्रत्येक जातीसाठी वेगळी रीत बसवली: आधी हळूहळू गुंगी आणायची, शुंडके पूर्ण पसरू द्यायचे, मग क्षणात स्थिर करणारं द्रावण, कुठे क्रोमिक आम्ल, कुठे आणखी काही. त्याच्या बरण्यांतले जीव पोहता पोहता थांबल्यासारखे दिसत आणि जगभरची संग्रहालयं ते विकत घेत. ही कसबं बराच काळ संस्थेनं जपून ठेवली होती. १८९० मध्ये ती छापून सगळ्यांना खुली केली.

त्याचं दुसरं काम मला याहून मोठं वाटतं. कुठला प्राणी कोणत्या महिन्यात अंडी घालतो, याच्या वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी त्यानं प्रसिद्ध केल्या. लांबून येणाऱ्या भ्रूणशास्त्रज्ञाला प्रवासाचा महिना त्यावरून ठरवता येई.

पाउल मेयर हे तिथलंच दुसरं नाव, आणि ते आपल्याकडच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नकळत शेकडो वेळा घेतलेलं आहे. मेणात बसवलेल्या ऊतीचे मायक्रोटोमनं काढलेले पातळ काप काचपट्टीला चिकटावेत म्हणून लावतात ते ‘मेयर्स अल्ब्युमिन’ त्याचंच: अंड्याचा पांढरा बलक, ग्लिसरीन आणि ते नासू नये म्हणून थोडं रसायन. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दाखवणारं मेयरचं हिमॅटॉक्सिलिन पॅथॉलॉजीत आजही चालतं. १८८०च्या दशकात नेपल्सला गेलेला माणूस स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर मिळवून परते आणि सोबत काप काढण्याची, रंगवण्याची नवी हातोटी नेई. तिथल्या पद्धती अशाच टेबलावरून टेबलावर आणि तिथून देशोदेशी गेल्या.

टेबलांवर काय घडलं याची यादी लांब आहे. मी एकच काम सांगतो. सी अर्चिन हा काटेरी गोळ्यासारखा प्राणी नेपल्सला मुबलक. त्याच्या एका अंड्यात दोन शुक्रजंतू शिरले तर गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि पेशींना ती वेडीवाकडी मिळतात. थिओडोर बोव्हेरीनं असे भ्रूण एकेक करून पाहिले. ते सगळे एकाच तऱ्हेनं बिघडत नव्हते; कुणात एक अवयव नसे, कुणात दुसराच. म्हणजे गुणसूत्रं एकसारखी नाहीत, प्रत्येकाकडे वेगळा वारसा आहे आणि नीट वाढीला पूर्ण संच लागतो, हा निष्कर्ष त्यानं १९०२ मध्ये मांडला. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. त्यांना पेशीत जागा मिळाली ती अशी. गुणसूत्रांच्या अशाच बिघाडात कर्करोगाचं मूळ असावं, हा त्याचा १९१४चा तर्कही याच अंड्यांतून निघालेला.

टेबल ते भाड्यानं घेणाऱ्यांच्या हाती असल्यानं ज्यांना विद्यापीठं दारात उभं करत नव्हती, त्यांना तेच दार उघडण्याचं साधनही झालं. आयडा हाइड ही अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवून नेपल्सला काम करून आली आणि तिच्या पुढाकारानं अमेरिकेतल्या स्त्रियांनी संघटना स्थापून स्त्री-संशोधकांसाठी स्वतःचं टेबल घेतलं. नेटी स्टीव्हन्स नेपल्सला जाऊन आली, बोव्हेरीकडेही शिकली. पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून लिंग गुणसूत्रांवरून ठरतं, हे तिनं १९०५ मध्ये दाखवलं आणि याच संघटनेनं तिला १,००० डॉलरचं पारितोषिक दिलं.

नेपल्सला राहून गेलेल्या चार्ल्स व्हिटमननं १८८८ मध्ये अमेरिकेत वुड्स होलची प्रयोगशाळा हाती घेतली. त्याच वर्षी इंग्लंडात प्लिमथचं ठाणं उघडलं. खुद्द नेपल्सचं ठाणं पहिल्या महायुद्धात डोर्न कुटुंबाच्या हातून गेलं आणि १९२४ मध्ये अंतोनचा मुलगा राइनहार्ट याच्याकडे परत आलं. दुसऱ्या युद्धानंतर जे. झेड. यंग आणि ब्रायन बॉयकॉट यांनी तिथे ऑक्टोपसच्या मेंदूत स्मृती कुठे साठते याचा शोध सुरू केला. १९५१च्या वसंतात मॉरिस विल्किन्सनं तिथल्या एका परिषदेत डीएनएचं क्ष-किरण चित्र दाखवलं, तेव्हा श्रोत्यांत पुढे डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन होता. १९८२ पासून संस्थेला अंतोन डोर्नचं नाव आहे.

डोर्नला स्वतःला मात्र व्यवस्थापक म्हणून ओळखलं जायचं नव्हतं. १८७५ मध्ये त्यानं पृष्ठवंशीयांच्या उगमावर पुस्तक लिहिलं. त्यातलं एक तत्त्व टिकलं: अवयव एकाच वेळी अनेक कामं करतो आणि त्यातलं दुय्यम काम पुढे मुख्य झालं की अवयवाचं रूप पालटतं. मूळ दावा मात्र वादाचाच राहिला. पृष्ठवंशीयांचे पूर्वज वलयांकित कृमींसारखे होते आणि वाटेत कधीतरी ते उलटे झाले, कृमीच्या पोटाकडची मज्जारज्जू म्हणून आपल्या पाठीकडे आली, असं तो म्हणत होता. उरलेलं आयुष्य तो माशांच्या भ्रूणांत याचा पुरावा शोधत राहिला आणि संस्थेच्या कामांतून वेळ काढत निबंध लिहीत राहिला.

कृमी आपले थेट पूर्वज नाहीत, हे आज पक्कं आहे. पण उलटं होण्याची गोष्ट १९९०च्या दशकात परत आली. शरीराची पाठ आणि पोट ठरवणारी जनुकं माशी आणि बेडूक या दोघांत तीच आहेत, फक्त त्यांच्या कामाच्या बाजू एकमेकांच्या उलट आहेत, असं दिसलं. त्यानंतर कृमी आणि पृष्ठवंशीय यांच्या मज्जासंस्थांची तुलना पेशीपेशीनं सुरू झाली. त्यासाठी प्रयोगशाळांनी निवडलेला प्राणी म्हणजे प्लॅटिनेरिस हा समुद्रकृमी, आणि तो नेपल्सच्या आखाताचा जुना रहिवासी आहे.