गरजनिश्चिती, अतिलघु व्यवसायांच्या सॉफ्टवेअरची

दुर्गम भागातील किराणा दुकान, टपरी, शिवणकाम, भाजीविक्री यांसारख्या एकदोन माणसांच्या व्यवसायाला कसले सॉफ्टवेअर चालेल, हे ते तयार करण्याआधी ठरवण्याची प्रक्रिया. मोठ्या कंपनीत हे काम बैठका आणि लेखी मागणीपत्रावर भागते. येथे मालक, हिशेबनीस आणि हमाल एकच असतो. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले, की पाहुण्याला बरे वाटेल ते तो सांगतो. म्हणून जाणकार आधी उधारीची वही मागतात. तीत गिऱ्हाईक आडनावाऐवजी घराच्या खुणेने लिहिलेले असते, उधारी पीक हाती आले की फिटते आणि अर्धी रक्कम आली तर जुन्या आकड्यावर काट मारून नवा मांडलेला असतो. ‘परतफेडीची तारीख’ सक्तीने भरायला लावणारे सॉफ्टवेअर अशा दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकापाशी अडते. घरातला फोन दिवसभर कोणाकडे असतो, रेंज कुठे येते, वीज केव्हा जाते, याही नोंदी गरजांतच धराव्या लागतात.

केनियातील ‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैशांचे व्यवहार करण्याची सेवा याचे सर्वांत बोलके उदाहरण. व्होडाफोन आणि ब्रिटिश सरकारचा विकासनिधी यांच्या पैशावर ऑक्टोबर २००५ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर त्याची चाचणी सुरू झाली. फाउलू केनिया या सूक्ष्मवित्त संस्थेच्या कर्जदारांना हप्ते मोबाइलवरून भरता यावेत, एवढाच मूळ हेतू होता. कर्जदारांनी त्याचा भलताच उपयोग केला. व्यापारी एकमेकांची देणी त्यातून भागवू लागले. काहींनी दिवसाचा गल्ला रात्रीपुरता त्यात ठेवला. प्रवासाला निघताना रोकड भरून मुक्कामी काढून घेणारेही निघाले. प्रश्नावलीतून हे क्वचितच कळले असते. फाउलूला मात्र आलेले हप्ते आपल्या खातेवहीशी जुळवणे जड गेले. कचेरीतल्या कारकुनाची गरज पुरेशी जोखली गेली नव्हती. मार्च २००७ मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली ती घरी पैसे पाठवण्याचे साधन म्हणून.

ऊस उत्पादक टपरीवाले नव्हेत, पण कोल्हापूरकडील वारणा सहकारी साखर कारखान्याच्या भागातील अनुभव याच जातीचा आहे. वारणानगर परिसरातील गावांत १९९८ पासून संगणक केंद्रे उभी राहिली. इंटरनेट, शेतीसल्ला असे मनसुबे पुष्कळ होते; शेतकरी मुख्यतः उसाचे वजन, खताची उचल आणि बिल पाहायला येत. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने काही गावांत संगणकाऐवजी एसएमएसवर चालणारी व्यवस्था बसवून पाहिली आणि ही माहिती तेवढ्यावर मिळू लागली.