वाशीमची मध्यरेषा आणि उपग्रहकाल
वाशीमची मध्यरेषा आणि उपग्रहकाल : वाशीम हे विदर्भातील जिल्ह्याचे ठिकाण (जिल्हानिर्मिती १९९८) म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. कालमापनाच्या इतिहासातील त्याचे स्थान मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. दुसऱ्या भास्कराचार्यांच्या करणकुतूहल (११८३) या ग्रंथात भूमीच्या मध्यरेषेवरील स्थळे सांगताना उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांच्यासमवेत वत्सगुल्माचाही उल्लेख येतो. शहरातील मध्यमेश्वर मंदिराचा संबंध याच रेषेशी जोडला जातो.

मध्यरेषेवरील गावाला देशांतरसंस्कार लागत नसे. तिच्यासाठी काढलेली ग्रहस्थिती तेथे तशीच चाले. प्रत्यक्षात वाशीम उज्जैनच्या सु. १° २१′ पूर्वेस असून तेथे मध्यान्ह सु. साडेपाच मिनिटे आधी होते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. अक्षांश शंकूच्या छायेवरून मिळत असे. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची छाया वाशीम येथे सु. ४·४ अंगुळे पडते. रेखांशासाठी मात्र दोन दूरच्या गावांची एकाच क्षणाची वेळ कळावी लागते. तो समाईक क्षण चंद्रग्रहणच देई, आणि छायेची कडा अंधूक असल्याने तो नेमका टिपता येत नसे. घटिकापात्राने मोजताना पाव घटीहूनही कमी असलेला हा फरक निसटला, तर नवल नाही. शिवाय तेवढ्या वेळात चंद्र सु. ३ कलाच सरकतो. पंचांगकर्त्याला ते फारसे जाचक नव्हते.

सौर मनगटी घड्याळ सूर्याकडून वेळ घेते, असे नावावरून वाटते. वस्तुतः तबकडीखालील प्रकाशविद्युत् घट केवळ ऊर्जा पुरवितो. काल मोजतो तो सेकंदाला बहुधा ३२,७६८ कंपने करणारा क्वॉर्ट्‌झ स्फटिक. अशा साध्या घड्याळात महिन्याला सु. १५ सेकंदांपर्यंत फरक पडू शकतो, मग ऊन कितीही मिळो. २०११ मध्ये सिटिझन कंपनीने उपग्रहसंकेतावरून वेळ जुळविणारे प्रकाशचलित घड्याळ आणले. सेइको कंपनीचे ॲस्ट्रॉन (२०१२) त्यापुढे जाऊन चार किंवा अधिक उपग्रहांवरून आपले स्थान काढते व त्यानुसार कालपट्टा निवडते.

यामागील तत्त्व ग्रहणाच्या रीतीहून मूलतः वेगळे नाही : आकाशातील समाईक संकेत आणि त्यावरून स्थळ. अचूकतेत मात्र अफाट अंतर आहे. संकेताच्या वेळेत सेकंदाचा एक अब्जांश भाग चुकला, तर अंतर सु. ३० सेंमी.ने चुकते. सापेक्षतेच्या परिणामाने जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे भूपृष्ठावरील घड्याळांपेक्षा दिवसाला सु. ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, म्हणून त्यांचा वेग आधीच कमी ठेवलेला असतो. येथे घड्याळ बिघडणे म्हणजे स्थळच हरवणे. भारताच्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे २०१६ मध्ये बंद पडली आणि तो स्थाननिश्चितीस निरुपयोगी ठरला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले.

असे उपग्रहनियंत्रित घड्याळ वाशीम येथे ८२° ३०′ या रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ दाखविते. त्यात बारा वाजतात, तेव्हा वाशीमच्या स्थानिक माध्य वेळेनुसार मध्यान्हाला सु. साडेएकवीस मिनिटे अवकाश असतो.