निवडुंगाच्या देशातला बाजार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवी शिकलेली बाई इतिहासावर काय लिहिणार! पण गेल्या वर्षी घरात एक गोष्ट अशी घडली की, मला वाचनालयातून पुस्तके आणून वाचावी लागली. त्यातून जे हाती लागले, ते तुमच्यापुढे ठेवते.

माझी धाकटी बहीण यजमानांच्या नोकरीमुळे मेक्सिको शहरी राहायला गेली. भाषा येईना, शेजार कळेना. पहिल्याच महिन्यात फोनवर रडत म्हणाली, "ताई, इथे आपलं म्हणावं असं काहीच नाही गं. बाजारात निवडुंग विकतात. भाजीसाठी!" मी तिची समजूत घातली, पण माझ्याही पोटात कालवले. आपल्याकडे निवडुंग म्हणजे शेताच्या बांधावरचे कुंपण. काटेरी झाड दारात नको, असे म्हणणाऱ्या सासूबाई आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. जिथे तो ताटात वाढतात, तो देश आहे तरी कसा, म्हणून मी वाचू लागले.

त्या देशाचे निवडुंगाशी नाते फार जुने. तेथील अझ्टेक लोकांची अशी कथा आहे की, निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे वस्ती करा, असा त्यांना देवाचा कौल मिळाला. तळ्यातल्या एका बेटावर तो दिसला आणि १३२५ च्या सुमारास तेनोच्तित्लान नगर वसले. आजचे मेक्सिको शहर त्याच जागी आहे आणि तो गरुड व निवडुंग त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहेत. म्हणजे ते नगर वसवणारेही दूरवरून चालत आलेलेच लोक होते!

त्या नगराला लागूनच त्लातेलोल्को येथे मोठा बाजार भरे. स्पॅनिश सरदार हेर्नान कोर्तेस याने १५२० साली आपल्या राजाला पाठविलेल्या पत्रात लिहिले आहे की, तिथे रोज साठ हजारांवर माणसे देवघेव करतात. प्रत्येक मालाची ओळ वेगळी. सुट्ट्या पैशांच्या जागी कोकोच्या बिया. १५२१ साली ते राज्य बुडाले, पण बाजाराची रीत बुडाली नाही. आजही ठरल्या वारी रस्त्यात ताडपत्र्या ताणून बसणाऱ्या बाजाराला तिथे 'तियांगिस' म्हणतात. तो शब्द त्यांच्या जुन्या भाषेतला. विकणारी बाई गिऱ्हाइकाला 'मार्चांता' म्हणून हाक मारते आणि मापावर वर मूठभर घालते, त्याला 'पिलोन' म्हणतात. आपली भाजीवाली शेवटी चार मिरच्या टाकते, तसेच की हे!

आता त्या बाजारातला माल पाहा. मिरची, टोमॅटो, मका, लाल भोपळा, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची गोव्याच्या किनाऱ्याला लागली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटासाठी मिरी वापरीत. आपले उपवासाचे ताटही तसेच. शेंगदाणे, बटाटे, रताळी, साबुदाण्याचा कंद, राजगिरा, सगळे त्या खंडातून आलेले! मेक्सिकोत राजगिरा फुलवून पाकात घालून वड्या थापतात. त्यांचे नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. दसऱ्याचा झेंडूदेखील तिकडचाच. नोव्हेंबरच्या आरंभी तिथले लोक आपल्या पितरांची आठवण करतात, तेव्हा झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. उलट ऊस, आंबा, चिंच आणि कोथिंबीर ही समुद्र ओलांडून तिकडे गेली व तिकडचीच झाली.

हे सारे मी बहिणीला फोनवर वाचून दाखविले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपली फोडणी इथली माहेरवाशीण आहे तर!"

आपला फड्या निवडुंगही तिकडचाच. (तीनधारी निवडुंग, ज्याला चीक येतो, तो आपल्याकडचा, त्याची जातच वेगळी.) फड्याच्या एका जातीवर किडे पाळून मेक्सिकोत लाल रंग काढीत. इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल डगले ह्याच रंगाचे. तो धंदा हिंदुस्थानात करावा म्हणून १७९५ साली ब्राझीलहून किडे आणविले, पण ते हलक्या जातीचे निघाले. चांगला रंग मिळाला नाहीच, किड्यांनी निवडुंग मात्र फस्त केला.

आणि भगिनींनो, आपल्या वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे ह्यांनीही त्याच देशात संसार मांडला होता. गदर पक्षाच्या कार्यामुळे त्यांना मायदेश बंद झाला. १९२४ साली ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या नव्या जाती त्यांनी तयार केल्या. दिएगो रिवेरा ह्या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटताना दाखविले आहे. १९३६ साली त्यांनी जेन सिंडिक ह्या बेल्जियन बाईंशी विवाह केला. स्वातंत्र्यानंतर हे कुटुंब नागपूरला आले. १९६७ साली डॉक्टर तिथेच वारले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. मला मात्र त्या बाईंचा विचार पडतो. बेल्जियमची मुलगी, मेक्सिकोत संसार, मग नागपूरचा उन्हाळा! इथल्या बाजारात त्यांनी पहिली भाजी कोणत्या शब्दांत मागितली असेल?

आता बहिणीला बाजाराची भीती उरली नाही. भाजीवाली तिच्यादेखत सुरीने काटे तासून देते. निवडुंग चिरून, कांदा घालून उकडायचा आणि भेंडीसारखी तार सुटली की पाणी काढून टाकायचे. मक्याच्या पातळ भाकरीबरोबर तो छान लागतो म्हणे. भाकरीसाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात. पाटा आपल्यासारखाच दगडी.

त्याच बाईने तिला निवडुंग लावायलाही शिकविले. निवडुंगाचे पान (खरे तर ते खोडच) कापल्याबरोबर मातीत खुपसले तर कुजते. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्यायची, मग रेताड मातीत उभे करायचे आणि पाणी बेताने घालायचे. मुळे आपोआप धरतात.

हे ऐकून मीही बांधावरचे एक पान चिमट्याने धरून आणले आणि फुटक्या बादलीत लावले. सासूबाईंना मिरचीची हकीकत सांगितली, तेव्हा म्हणाल्या, "बरं, राहू दे. पण दारात नको, मागच्या अंगणात ठेव." पावसाळ्यात त्याला दोन नवी पाने फुटली.

आपणही सर्वजणी कुठून तरी कापून इथे आणून लावलेल्याच आहोत. पहिल्या दिवसांत कोणी घाई केली नाही, जखम सुकू दिली, म्हणून रुजलो. आपल्या आळीत नवी सून आली, परगावचे नवे बिऱ्हाड आले, तर एवढे लक्षात ठेवू या. तिला मंडळात बोलवायच्या आधी एकदा बाजारात बरोबर घेऊन जाऊ या.