घर कोणाचं?

आपल्याकडे जनगणनेला एक जुना शब्द आहे, खानेसुमारी. फारसीत 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमारी' म्हणजे मोजणी. माणसं मोजायची तर शिरगणती, पण आधी घरं मोजायची म्हणून खानेसुमारी. आजही क्रम तोच आहे. आधी घरयादी, मग माणसांची गणना. २०२७ च्या जनगणनेसाठीही घरयादीचा टप्पा २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात ठरवला गेला.

"घर स्वतःचं की भाड्याचं, याच्याशी सरकारला काय करायचंय?" हा प्रश्न मी खूप वेळा ऐकला आहे. कारण उघड आहे. जनगणना आली की घरोघर फिरायला शिक्षक! १९९१ आणि २००१ या दोन्ही वेळी घरयादीचं काम माझ्याकडे होतं. एकदा जुन्या नाशकातल्या एका वाड्यात खालच्या खोलीतल्या आजी माझ्या पेनाकडे बघत म्हणाल्या, "बाई, भाडेकरू असं नका हो लिहू. उद्या मालक तोच कागद कोर्टात दाखवेल." जिना चढून गेले तर मालक म्हणाले, "बाई, भाडं किती ते नाही ना विचारायचं तुम्हाला?" दोघांनाही भीती एकाच कागदाची, कारणं मात्र उलटी.

या भीतीला इतिहास आहे, मंडळी. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. तेव्हा घरांची टंचाई होती, फाळणीनंतर लोकांचे लोंढे येत होते, म्हणून ते गरजेचंही होतं. पण तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं जगला! भाडं इतकं थोडं की मालकाला कौलं बदलणं परवडेना, आणि भाडेकरूला एवढ्या भाड्यात दुसरीकडे खोली मिळेना. वाडे खचत गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिली नसल्याचं म्हटलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. इतकी वर्षं ज्या घरात 'भाडं' हा शब्द भांडणाचाच होता, तिथे पाहुण्या बाईला तो सहज कोण सांगेल?

खरं तर आजींना घाबरायचं कारण नव्हतं. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की या नोंदी कोणाला पाहायला मिळत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. मी त्यांना हे दोनदा समजावून सांगितलं. पटलं की नाही, देव जाणे! पण नोंद खरी झाली.

मालकांचंही बरोबर होतं. जनगणना मालकी विचारते, भाड्याची रक्कम किंवा घराची किंमत नाही. ते विचारणारे वेगळे. (अमेरिकेत मात्र १९३० च्या जनगणनेत घर स्वतःचं असेल तर किंमत आणि नसेल तर महिन्याचं भाडं, दोन्ही विचारत होते.) आपल्याकडे किंमतीचा प्रश्न कर्जाच्या वाटेने आला. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची मोठी पाहणी केली. शेतकरी कोणाकडून कर्ज घेतो, किती घेतो, आणि त्याच्याजवळ जमीन-घर किती मोलाचं आहे? त्या समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. त्यांचा जन्म १९०१ सालचा, आपल्या नाशिकचाच. पुढे दर दहा वर्षांच्या आसपास ही कर्ज आणि मालमत्तेची पाहणी होत राहिली. २०१९ मध्येही झाली. सावकाराच्या दारी किती लोक उभे आहेत, हे कळायला घराची किंमत विचारावीच लागते.

आणि भाडं? ते थेट आपल्या खिशाशी बांधलेलं आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात नाशिक हे एक केंद्र आहे. कामगार वस्तीतल्या ठरलेल्या घरांचं भाडं दर सहा महिन्यांनी विचारलं जातं. २०१६ पायाभूत वर्षाच्या मालिकेत घराचा भार १६.८७ टक्के आहे. याच निर्देशांकावर महागाई भत्ता ठरतो. गेल्या सहा महिन्यांत वाढलेलं भाडं लोकांनी झाकून ठेवलं, तर महागाई कागदावर कमी दिसेल आणि भत्ताही तेवढाच कमी वाढेल. माझ्या पेन्शनीत येणाऱ्या भत्त्यातही कोणा अनोळखी भाडेकरूचं खरं उत्तर मिसळलेलं असतं!

आता गंमत पाहा. शेजारी शेजारी दोन अगदी सारखी घरं आहेत. दोघी मालकिणी आपापल्या घरात राहतात. उद्या त्यांनी घरं बदलली आणि एकमेकींना महिना दहा हजार भाडं देऊ लागल्या, तर देशाचं उत्पन्न वाढलं का? छे! छपरं तेवढीच, माणसं तेवढीच. म्हणून राष्ट्रीय उत्पन्न मोजताना स्वतःच्या घरात राहणाऱ्याचंही मानीव भाडं धरतात. पण ते काढायला आसपासची खरी भाडी माहीत हवीत.

२०११ च्या जनगणनेत देशातली ८६.६ टक्के कुटुंबं 'स्वतःच्या' घरात होती आणि ११.१ टक्के भाड्याच्या. शहरांत भाडेकरू २७.५ टक्के. त्याच वेळी सुमारे अडीच कोटी घरं रिकामी होती! डोक्यावर छप्पर नसलेले लोक आणि कुलूपबंद घरं एकाच देशात आहेत, हे आकड्यावाचून कळलं नसतं.

मला मात्र त्या ८६.६ मधलं 'स्वतःचं' कायम टोचत आलं. तो रकाना कुटुंबाचा आहे. दारात उभी असलेली बाई "आमचंच आहे" म्हणते, आपण खूण करतो. कागदावर नाव सासऱ्यांचं, नवऱ्याचं, नाहीतर दिराचं. उद्या तिला बाहेर काढलं तरी रकाना 'स्वतःचं'च म्हणेल. आपल्याच जिल्ह्यात चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बाईला वेगळं विचारते, घर किंवा जमीन तुमच्या नावावर आहे का, एकटीच्या की कोणाबरोबर? प्रश्न बदलला की उत्तरही बदलतं.

असो. तुमच्या दारी कोणी वही किंवा मोबाईल घेऊन आलं, तर आधी ओळखपत्र जरूर पाहा. मग पाणी विचारा आणि खरं सांगा. आणि तो गेल्यावर घराचा कागद काढून त्यावर कोणाकोणाचं नाव आहे, तेही एकदा वाचा.