रायफलीवरील दुर्बीण आणि नेमाची जुळणी

रायफलीवरील दुर्बिणीचा इतिहास बहुधा भिंगांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः इंग्रज ज्योतिषी विल्यम गॅस्कॉइन याने १६४० च्या सुमारास दुर्बिणीच्या नाभीत तंतू बसवून तिला लक्ष्यवेधी उपकरणाचे रूप दिले होते. (ही कल्पना त्यास नळीत शिरलेल्या कोळ्याच्या धाग्यावरून सुचली, १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला.) तथापि तत्कालीन बंदुकाच अचूक नसल्याने या शोधाचा लाभ त्यांना झाला नाही. एकोणिसाव्या शतकात रायफल सुधारली, आणि मग खरी अडचण पुढे आली ती जुळणीची.

दृष्टिरेषा सरळ असते. गोळीचा मार्ग वक्र असतो. या दोहोंचा छेद ठराविक अंतरावर घडवून आणणे म्हणजे नेम जुळविणे. एका कलेची चूक शंभर यार्डांवर जेमतेम एक इंच भरते, परंतु सहाशे यार्डांवर तीच सहा इंचांहून अधिक होते.

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलीवर जी दुर्बीण वापरली, तिचा जनक डेव्हिड डेव्हिडसन हा मुंबई लष्करातील अधिकारी होता. ही दुर्बीण नळीच्या डाव्या अंगास बसविलेली असे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफिल्डवरील दुर्बीणही डावीकडेच बसविली. काडतुसांची पट्टी वरून भरता यावी, एवढाच त्यात हेतू. या सोयीची किंमत मात्र सैनिकांना मोजावी लागली. दोनशे यार्डांवर नेम जुळविला, तर त्याआधी गोळी दृष्टिरेषेच्या उजवीकडे राहते आणि चारशे यार्डांवर तितकीच डावीकडे जाते. खंदकातील फटीएवढ्या लक्ष्यास एवढा फरक क्षुल्लक नव्हे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, जुळणी कशी करावी हेच पुष्कळांना शिकविलेले नव्हते. शिकारी व क्रिकेटपटू म्हणून ख्यातनाम असलेला हेस्केथ-प्रिचर्ड १९१५ मध्ये फ्रान्समधील आघाडीवर तुकड्यातुकड्यांतून फिरून दुर्बिणी तपासू लागला, तेव्हा कित्येक रायफली निरुपयोगी ठरण्याइतक्या बिघडलेल्या आढळल्या. महागडी भिंगे पुरविणाऱ्या यंत्रणेस ती जुळविणारी माणसे पुरविण्याचे सुचू नये, हे आश्चर्यच. प्रिचर्डने १९१६ मध्ये लिंगेम येथे पहिल्या सैन्यदळासाठी शाळा उघडली, तीत नेमबाजीइतकाच जुळणीवर भर होता.

दुसऱ्या महायुद्धातील चौथ्या नमुन्याच्या ली-एनफिल्डवर दुर्बीण नळीच्या वर आली. पट्टीने काडतुसे भरण्याची सोय सोडून देण्यात आली. तिच्या सुधारित आवृत्तीत अंतर व आडवा फरक यांसाठीच्या चकत्या एकेका कलेने फिरत. शिवाय दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर ठोकला जाई, जेणेकरून एकमेकींशी जुळविलेली ही जोडी कोठारात फुटू नये.